खिंडीतले पतंग आणि एक तांब्याचा हंडा

मी, प्रभावती साहेबराव दाभाडे, वय वर्षे बावन्न, धर्म बौद्ध, धंदा शिवणकाम, राहणार तीर्थपुरी, तालुका अंबड, जिल्हा औरंगाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डोळ्यांना बराबर दिसतं. कोणी दमदाटी केलेली नाही, कोणी गोड बोलून सही घेत नाही. आणि या गावात त्या बाबतीत पूर्वी एकदा गैरसमज झालेला असल्यामुळे मुद्दाम नमूद करते की, आज रोजी मी जिवंत आहे.

अंबडचे गिरिधर वकील यांनी मला कच्चा मसुदा करून दिला. तो मी वाचला आणि बाजूला ठेवला. त्यात मी कुठंच नव्हते. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात गोष्टी सांगायच्या नसतात." मी म्हटलं, "साहेब, गोष्ट सांगितली न्हाई तर कलमं कळतील कुणाला?" ते हसले आणि म्हणाले, लिहा तुमच्या मनासारखं, फक्त दोन साक्षीदार खंबीर बघा, आणि ज्याला काही देणार त्याला साक्षीदार करू नका. तेवढं मी ऐकलं आहे. माझ्या शेजारचे कडूबा आणि शाळेतले धर्मराज मास्तर, दोघांनी सही करायचं कबूल केलं आहे. दोघांनाही मी काही देणार नाही.

जालन्याच्या डॉक्टरांनी माझं काळीज थकलंय असं सांगितलं. थकलं असेल. पण त्याला विचारून मी काही करत नाही.

कलम पहिले : घर

तीर्थपुरीतील माझे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर, पुढच्या ओट्यासह. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस माझे दीर तातेराव दाभाडे यांचे घर व म्हैस, दक्षिणेस बुद्धविहार, उत्तरेस कडूबा. जागा माझ्या मयत नवऱ्याच्या वाटणीची, भिंती मी शिलाई मशीन चालवून उभ्या केलेल्या. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्यामागे हे घर संपूर्ण मालकी हक्काने माझी पुतणी, म्हणजे तातेरावांची मुलगी बेबीनंदा, हिला द्यावे.

कारण लिहिते. बेबीनंदाला जाफराबादला दिली होती. तिच्या नवऱ्यानं घरात दुसरी बाई आणून बसवली आणि हिला चुलीपुढं ठेवली, दोघांना भाकरी करून घालायला. पोरगी ट्रंक घेऊन एस.टी.नं माहेरी आली. तातेराव दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "परत जा. न्हाई गेलीस तर आमच्यासाठी तू मेलीस." तिची आई केशरबाई, म्हणजे माझी जाऊ, मागं पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. पोरगी परत फिरली, चार पावलं चालली आणि माझ्या ओट्यावर येऊन बसली. तेव्हापासून माझ्याकडं आहे. माझ्याइतकं शिवते, माझ्यापेक्षा चांगलं काजं करते.

मी डोळे मिटले की तातेराव तिची ट्रंक रस्त्यावर ठेवतील आणि तिला जाफराबादच्या गाडीत बसवतील, हे मला माहीत आहे. त्यांनी तसं चारचौघांत बोलूनही दाखवलं आहे. म्हणून हा कागद. घरात कोण राहील, कोण नाही, ते बेबीनंदा ठरवील. तिला परत धाडायचा विषय या ओट्यावर कोणी काढू नये. काढला तर तिनं पाणीसुद्धा न विचारता त्याला उठवावं, अशी माझी तिला स्पष्ट सूचना आहे.

तातेरावांना बायकांना जिवंतपणी मारायची सवय आहे. माझ्यापासून सुरुवात केली. ते पुढं येईलच.

कलम दुसरे : पतंग

माझ्या घरात काचेच्या झाकणाच्या तीन पेट्या आहेत. त्यांत पतंग आहेत. उडवायचे नव्हेत, पाखरं. वस्तीत त्यांना "प्रभावतीचे किडे" म्हणतात. म्हणू द्या.

माझे मालक साहेबराव हे वर हिमालयात, रस्त्याच्या कामावर ट्रक चालवत होते. ते निघाले तेव्हा मीही निघाले. तातेराव म्हणाले, "बाईमाणूस बर्फात काय करणार?" मी म्हटलं, "जे गडीमाणूस करतं तेच. कुडकुडणार." एका उंच खिंडीच्या पलीकडं लाहौल म्हणून मुलूख आहे. तिथल्या एका गावात छेरिंग नावाच्या बाईच्या घरी आम्ही खोली घेतली. तीही बुद्धाचीच. तिचा देव्हारा रंगीत, आमचा साधा, पण हात जोडायची रीत एकच. तिची हिंदी मोडकी, माझी तर त्याहून मोडकी. आमचं मस्त जमलं.

साहेबराव रोज खिंड ओलांडून जायचे-यायचे. संध्याकाळी ट्रकच्या पुढची जाळी साफ करायला लागले की तिच्यात अडकलेली पाखरं निघायची. फाटलेली टाकून द्यायचे, धड असतील ती काडेपेटीत कापूस घालून माझ्यासाठी आणायचे. त्या मुलखात गजरा कुठून मिळणार? हे मिळायचं, हे आणलं. "घे, आजचा माल," म्हणायचे. मी काडेपेटी उघडेपर्यंत बूटसुद्धा काढायचे नाहीत, माझ्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. असा माणूस होता तो. मला त्याची अजून फार आठवण येते, आणि ती यायची थांबावी असं मला वाटत नाही.

आपल्याकडचे पतंग रात्री दिव्यावर येतात. तिथले भर उन्हात उडतात, कारण रात्री उडाले तर गारठून मरतील. अंगानं बुटके, सगळीकडून लव, मानेभोवती तर गुंडाळून घेतल्यासारखी दाट. रंग राखेचा, काळपट. पांढऱ्या बर्फाच्या मुलखात काळा रंग घेऊन राहतात, कारण काळ्याला ऊन जास्त लागतं. ढग आला की दगडावर पसरून पडतात, ऊन आलं की उठतात. मी तासन् तास बघत बसायची. छेरिंग म्हणायची, "तू पागल है." मी म्हणायची, "हौ."

विहारात तातेरावांनी एकदा सगळ्यांसमोर काढलं की, वहिनीनं जीव मारून पेटीत भरलेत, पंचशील मोडलंय. तर इथं लेखी सांगते. यांतला एकही पतंग मी मारलेला नाही. ट्रकनं मारले, थंडीनं मारले. मी फक्त फेकून दिले नाहीत. शील मोडायचंच झालं तर खोटं बोलणंही त्यातच येतं. याचा विचार विहार समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे तातेरावांनी, करावा.

तिन्ही पेट्या बेबीनंदाच्या. डांबराच्या गोळ्या संपल्या की बदलाव्यात, नाहीतर मुंग्या सोडणार नाहीत. पेट्या कपाटात कोंडू नयेत. पुढच्या खोलीत, येणाऱ्याला दिसतील अशा ठेवाव्यात.

कलम तिसरे : चौथा डबा

हा बिस्किटांचा पत्र्याचा डबा वेगळा. याच्यामुळं मी माघारी आले.

१९६५ सालचा हिवाळा तोंडावर आला होता. सरपण गोळा करताना एका दगडाखाली मला केसाळ सुरवंट सापडला. वाळलेल्या शेंगेसारखा कडक. वाजवला असता तर वाजला असता. मेलाय असं समजून मी तो डब्यात टाकला आणि खिडकीत ठेवला. त्याच आठवड्यात खिंडीत कडा कोसळला. साहेबराव ट्रकसकट त्याखाली गेले. गावानं खणून त्यांना काढलं. अग्नी तिथंच दिला. मी तिथंच होते. रडलेही तिथंच. मग खिंड बंद झाली आणि मी त्या खोलीत बसून राहिले.

जेवण जात नव्हतं. छेरिंग जबरदस्तीनं सत्तू पाजायची. मी त्या डब्याकडं बघत पडून असायची. एकदा तिला म्हटलं, हा पण गेला बघ. तिनं झाकण उघडलं, नुसती नजर टाकली आणि म्हणाली, "मरा नहीं, बहन. बैठा है. इसको जल्दी नहीं." मग तिनं मला समजावलं की हा असाच. उन्हाळ्यात जेमतेम खातो, थंडी आली की गोठतो, पुन्हा ऊन आलं की पुन्हा खायला लागतो. असे कित्येक हिवाळे काढतो, तेव्हा कुठं त्याचा पतंग होतो.

मला वाटलं, माझी समजूत घालून राह्यली.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका सकाळी डब्यातून खसखस ऐकू आली. तो चालत होता! गोठून दगड झालेला जीव डब्याच्या कडेनं तुरुतुरु चालत होता. मी एवढ्यांदा ओरडले की छेरिंग हातातलं पीठ तसंच घेऊन पळत आली. साहेबराव गेल्यानंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले. आणि तो पाला खाऊन कोष विणायला लागला, तेव्हा मी माझी वळकटी बांधली.

खिंड उघडली. डबा मांडीवर घेऊन मी बसनं, मग आगगाड्या बदलत आले. जालना स्टेशन यायच्या आधी कोषातून पतंग बाहेर आला. मादी होती. तिला पंखच नव्हते, नुसते खुंट. लोकरीचा गोळाच जणू. कोषातून निघाली आणि त्याच कोषावर बसली. आपल्या उन्हात ती फार जगणार नव्हती, ते मला कळत होतं. पण आली. ती आणि तिचा कोष त्या डब्यात आहेत.

तातेरावांनी हा डबा बघितला तेव्हा म्हणाले, "बघा, बाईला पंख न्हाईत. तिनं घरीच बसावं असं निसर्गानंच ठरवलंय." त्याचा राग मला अजून आहे. म्हणून उत्तर इथं देते. अहो तातेराव, ती कुणाच्या घरी बसलेली नाही. एवढे हिवाळे अंगावर काढून जे घर तिनं स्वतः विणलं, त्याच्या माथ्यावर बसलेली आहे. डबा बेबीनंदाचा.

कलम चौथे : माझा फोटो

जालन्याहून एस.टी.नं तीर्थपुरीला उतरले तर स्टँडवर कडूबा बिडी ओढत होते. मला बघून बिडी पडली, ते खांबामागं गेले आणि तिथून म्हणाले, "वहिनी, तुमचं तर पुण्यानुमोदन झालं!"

मी म्हटलं, "असं का? जेवण कसं झाल्तं?"

"वांग्याची भाजी जराशी खारट झाल्ती," कडूबा खांबामागूनच म्हणाले. खोटं बोलता येत नाही त्यांना, म्हणून तर मी त्यांना साक्षीदार घेतलं.

झालं होतं ते असं. हिवाळ्यात खिंडीच्या अलीकडच्या कचेरीतून घरी तार आली होती, साहेबराव मयत, पत्नीचा पत्ता नाही. मी खिंडीच्या पलीकडं, कळवणार कोण? तातेरावांना लोक म्हणाले, थांबा, वाट बघा. ते म्हणाले, वाट कशाची बघायची, पत्ता न्हाई म्हणजे गेलीच की. दोघांचं एकदमच उरकू, खर्चा पण एकच. लग्नाच्या फोटोतून माझं तोंड वेगळं काढून मोठं करून घेतलं, चौकट केली, हार घातला, मेणबत्त्या लावल्या, त्रिसरण-पंचशील म्हटलं, गाव जेवलं. माझी भांडी आठवण म्हणून वाटून टाकली. मी घरी पोचले तर आमच्या वाटणीच्या जागेत तातेरावांची म्हैस बांधलेली, आणि त्यांच्या भिंतीवर मी, हारासकट. मी आधी म्हैस सोडली, मग फोटो उतरवून घेतला.

तातेराव डोकं धरून म्हणाले, "आता लोकायला काय सांगू मी?" माझ्या येण्याचं त्यांना एवढंच वाटलं.

तो फोटो चौकटीसह मी जपून ठेवला आहे. तो मी तातेराव दाभाडे यांना देते. माझ्यामागे लागेलच. तयार आहे, पुन्हा खर्चा नको. बाकी माझ्या कोणत्याही चीजवस्तूवर त्यांचा व त्यांच्या मुलांचा बिलकुल हक्क नाही.

कलम पाचवे : मशीन, कोट

शिलाई मशीन, कात्र्या, इस्त्री बेबीनंदाची. साहेबरावांचा लोकरी कोट मात्र वस्तीतली जी पोरगी पहिल्यांदा थंड मुलखात शिकायला किंवा नोकरीला जाईल तिला द्यावा. पोरीलाच. तोवर बेबीनंदानं त्याला वर्षातून दोनदा ऊन दाखवावं.

कलम सहावे : हंडा

वाटलेली भांडी बायकांनी मी आल्यावर आपण होऊन परत केली. चांगुणाबाईनं माझी परात आणली ती आत गुळाचा खडा ठेवून. बिचारी लाजून मेली होती. एक वस्तू आली नाही. माझ्या आईनं लग्नात दिलेला तांब्याचा हंडा. तो केशरबाईकडं राहिला. तातेरावांनी सांगितलं, "मेलेल्याच्या नावानं दिलेलं परत घेत न्हाईत."

रोज सकाळी केशरबाई त्या हंड्यात आडाचं पाणी भरून माझ्या ओट्यापुढून जाते. रोज मी बघते. ती मान वळवून जाते. एकदाही थांबली नाही आणि मी एकदाही अडवलं नाही. मुलगी माझ्या दारात बसलेली असते, तरी ती तशीच जाते. हंड्याचं मला एवढं नाही. पण आई असून मुलीकडं न बघता जाते, याचा मला फार संताप आहे, आणि तो कुठंतरी लिहून ठेवायचा म्हणून इथं लिहिते.

तो हंडा कायद्यानं आणि आईच्या मायेनं माझा आहे. तो मी बेबीनंदाला देते. तातेरावांनी तो काढून द्यावा, नाहीतर रोज त्यातलं पाणी पिताना ते कुणाचं पितात हे ध्यानात ठेवावं.

कलम सातवे : माझे शेवटचे

मी मेले असं ठरवायची घाई करू नये. आधी मला अंगणात, उन्हात ठेवावं. उन्हं कलली तरी हलले नाही, तर मग गेले समजावं. दहन करावं. त्रिसरण बेबीनंदानं म्हणावं, तिचा आवाज चांगला आहे. पुण्यानुमोदन करू नये, ते झालेलं आहे. जेवण तर अजिबात नको. गाव माझ्या नावानं एकदा जेवलंय.

येथपर्यंत काल लिहून झाले. आज बुद्धपौर्णिमा. सगळी वस्ती शेजारी विहारात जमणार म्हणून सह्यांसाठी मुद्दाम आजचा दिवस धरला. पण सही करण्यापूर्वी आणखी लिहिणे भाग पडले, ते असे.

धर्मराज मास्तर सकाळी आले, ओट्याखालीच उभे राहिले. म्हणाले, "बाई, मला माफ करा. तातेराव घरी आल्ते. मला याच गावात राहायचंय." आणि निघून गेले. मी पांढरं पातळ नेसून विहाराच्या पायरीशी उभी राहिले आणि एकेकाला विचारलं. कुणाला शेतावर काम निघालं, कुणाला चष्मा सापडेना. सगळ्यांची कुठली ना कुठली गरज तातेरावांकडं अडकलेली. तातेराव आत बसून ऐकत होते. बाहेर येऊन मला म्हणाले, "वहिनी, एका सहीचा कागद अन् कोरा कागद सारखाच. पोरीची ट्रंक भरून ठेवा."

मी घरी येऊन बसले. कडूबा माझ्यापुढं पेन धरून बसलेले, बेबीनंदा खरोखरच ट्रंकेत कपडे घालून राह्यलेली. मी तिच्यावर ओरडले, काढ ते बाहेर! ती रडायला लागली.

तेवढ्यात रस्त्यावरचा गलका थांबला. बघते तर केशरबाई, पांढऱ्या पातळात, डोक्यावर तो हंडा, पाण्यानं भरलेला. विहारापुढून, सगळ्या वस्तीदेखत येत होती. तातेराव मागून ओरडत होते, "केशर! मागं फिर! केशर!" ती हंडा हिंदकळू न देता चालत आली, माझा ओटा चढली आणि हंडा बेबीनंदाच्या पुढं उतरवला. मग हात पदराला पुसला.

"अंगठा कुठं लावायचा?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "केशर, नीट विचार कर. आता ते तुलाही घरात घेणार न्हाईत. तू पण त्यांना मेलीस."

"म्हणू द्या मेली," ती म्हणाली. "दोघी हायेत की इथं मेलेल्या. तिसरी आले."

सबब, कलम सहावे माझ्या हयातीतच पुरे झाले असून ते रद्द समजावे. केशरबाईला या कागदाने काही दिलेले नाही. कलम पहिल्याप्रमाणे घरात कोण राहील ते बेबीनंदा ठरवील, आणि तिने ते आत्ताच ठरवले आहे. ट्रंक रिकामी केलेली आहे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, रस्त्यावर उभे होते त्यांनीही ऐकला. खाली माझी सही त्यांच्यासमोर केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण : तीर्थपुरी, स्वतःच्या ओट्यावर
दिनांक : २२ मे १९७८, बुद्धपौर्णिमा

प्रभावती साहेबराव दाभाडे, जिवंत (सही)

साक्षीदार :

१. कडूबा, राहणार तीर्थपुरी, यांनी मला पूर्वीही जिवंत पाहिलेले आहे (सही)

२. केशरबाई तातेराव दाभाडे, राहणार आजपासून वरीलप्रमाणे (डाव्या हाताचा अंगठा)